जागलीवरचा फोन

रानडुकराला माणसाचा आवाज कळतो, माणूस नसलेला कळत नाही. पिंपळबोडीत ही गोष्ट सगळ्यांत आधी अमरच्या ध्यानात आली, आणि तिथूनच त्याचं वाटोळं झालं.

पिंपळबोडी म्हणजे सानगडीहून आत, तलावाला टेकून बसलेलं लहानसं गाव. तलावाची पाळ, म्हणजे बांध, आणि तिच्याखाली सगळ्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. धान लोंबीवर आलं की डुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत मातीत घालतात, म्हणून गावात जागलीच्या पाळ्या लावलेल्या. ज्याची पाळी, त्याने माळ्यावर, म्हणजे चार बल्ल्यांवर बांधलेल्या मचाणावर रात्र काढायची, आरोळ्या ठोकायच्या, आणि आपल्यासोबत शेजाऱ्यांचंही धान राखायचं. पाळी चुकवणारा गावाच्या नजरेतून उतरतो. त्याच्या रोवण्याला, भाताच्या लावणीला, मग कोणी फिरकत नाही.

अमर झोपेचा लोभी. त्याने फोनमध्ये स्वतःची आरोळी भरून घेतली, "हुर्र हो! कोन हाय रे तिकडं?" ती थोड्या थोड्या वेळाने आपोआप वाजेल अशी लावली, फोन माळ्याच्या बल्लीला टांगला आणि स्वारी घरी येऊन पंख्याखाली पसरली. डुकरं फसली, गावही फसलं. पुढे पोलीससुद्धा फसले, पण त्यांचं फसणं अमरच्या अंगाशी आलं.

उन्हाळी धानाच्या दिवसांत एका रात्री तलावावरच्या मासेमारी संस्थेच्या चौकीदाराचं डोकं कोणीतरी फोडलं. म्हातारा वाचला नाही. त्या रात्री तलावाजवळ कोणाकोणाचे फोन होते ते पोलिसांनी काढलं, तर अमरचा फोन रात्रभर तिथंच. पोलीस घरी आले तेव्हा अंगणात नत्थूकाका आणि गावातले चार जाणते उभे होते. नत्थूकाकाची बांधी अमरच्या बांधीला लागून. त्या रात्री तीही अमरच्याच भरवशावर होती.

"कुठं होता रे रात्री?" पोलिसाने विचारलं.

अमरने नत्थूकाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माळ्यावर होतो. जागलीवर."

ठाण्यात गेल्यावर पोरगा ताळ्यावर आला आणि त्याने खरं सांगून टाकलं, की मी घरी झोपलो होतो, फोन तेवढा माळ्यावर होता. तिथे सगळे हसले. एकदा म्हणतो माळ्यावर, एकदा म्हणतो घरी, आणि फोन सांगतो तलावावर! अमर आत गेला तो आतच राहिला. चार लोकांत लाज राखायला बोललेलं एक वाक्य त्याच्या गळ्यात अडकलं.

रीता त्याची थोरली बहीण. सानगडीला झेरॉक्सच्या दुकानात बसायची. नाकासमोर चालणारी मुलगी, पोलिसाची गाडी दिसली तरी रस्त्याच्या कडेला होणारी. तिला साकोलीच्या वकीलबाईंनी, प्रतिक्षा मॅडमनी, समजावून सांगितलं, "सगळा खटला त्या फोनवर उभा आहे. फोन होता म्हणजे माणूस होता, असं ते धरून चाललेत. त्यांनी हे फोन कसे काढले, कोणतं मशीन लावलं, कोणाच्या परवानगीनं, किती लोकांचे नंबर उचलले, हे माहितीच्या अधिकारात विचार. खून झाल्यानंतर तलावाच्या पाळीवर ती पांढरी गाडी उभी होती ना, तिच्याबद्दलही विचार."

ती गाडी सगळ्या गावाने पाहिली होती. आत कसलीशी मशीन होती, आजूबाजूचे सगळे फोन ओढून घेणारी, असं पोरं सांगायची. गाडी असेतोवर बाया तलावावर कपडे धुवायलाही गेल्या नव्हत्या. रीताने अर्ज लिहिला तेव्हा तिचं अक्षर इतकं थरथरलं की प्रतिक्षा मॅडमनी तो पुन्हा लिहायला लावला.

अर्ज गेला आणि गावाने अंग चोरून घेतलं. रीता आली की ओट्यावरचे लोक फोन पालथे घालू लागले. नत्थूकाका संध्याकाळी घरी आला, पण बसला नाही.

"सेवकराम, तुह्या पोरीनं आमचे बी नंबर काढाले लावले म्हणतेत."

"मी नाई लावले, काका," रीता म्हणाली. "त्यायनं आधीच काढले. मी फक्त विचारून राहिली, कोनं काढले म्हणून."

"तेच तं! विचाराचं कायले? उद्या आमच्या दारात गाडी आली तं?"

गावाची रीतच न्यारी. फोन उचलणाऱ्यावर राग नाही, कोणी उचलले हे विचारणारीवर राग. पण नत्थूकाकाचा आवाजही कापत होता, आणि भ्यालेल्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार? तो गेल्यावर सेवकराम, रीताचा बाप, उंबऱ्यावर बसून राहिला.

"पोरी, एक लेकरू आत हाय," तो म्हणाला. "दुसरं बी घालवू का मी?"

मग फोन यायला लागले. उचलला की कोणी बोलायचं नाही, नुसता श्वास. दुकानासमोर एक माणूस मोटरसायकल लावून बसू लागला. झेरॉक्स काढायचा नाही, चहा प्यायचा नाही, नुसता बसायचा. दुकानमालकाने पाहिलं आणि खाली मान घालून सांगितलं, "रीता, थोडे दिवस नोको येऊ. मले बालबच्चे हाएत." रीता बसमध्ये बसली तरी मागे वळून वळून पाहायची. आपण काही चोरी केलेली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण भीतीला ते कोण सांगणार?

फोन तर तिला डोळ्यांसमोर नकोसा झाला. अमरचा फोन पोलिसांकडे जमा होता, पण त्याने ती आरोळी कधीतरी गंमत म्हणून रीताला पाठवून ठेवली होती. आता घरात जागलीला जाणारं कोणी उरलं नव्हतं. सेवकरामची कंबर धरलेली. म्हणून रीताने स्वतःचाच फोन माळ्यावर टांगायला सुरुवात केली. पाळी आली की ती नत्थूकाकाला आधीच सांगून टाकायची, फोन ठेवून राहिली, मानूस नाई. एकदा लपवून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. फोन माळ्यावर टांगून घराकडे निघाली की तिला मोकळं वाटायचं. मग ती दिवसाही तो तिथेच ठेवू लागली. जवळच्या खांबावरून वायर घेऊन चार्जिंगची सोयही केली, पाऊस लागला तशी त्याला प्लास्टिकची पिशवीही बांधली. धान राखलं जायचं आणि तो श्वास घेणारा फोन अंगावेगळा राहायचा.

अर्जाचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. अशी कोणतीही यंत्रणा या कार्यालयाकडून वापरली जात नाही, सबब माहिती उपलब्ध नाही. रीताने अपील केलं. त्यावर पत्र आलं, की रेकॉर्ड पाहायला मंगळवारी जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस ऑफिसात या.

मंगळवारी पाऊस धो धो कोसळत होता. रीता पहिल्या बसने निघाली, साकोलीला बस बदलली, भिजत ऑफिसात पोचली आणि वरच्या मजल्यावर बाकावर बसून राहिली. बसा म्हणाले म्हणून बसली. दुपार झाली, तिने डबासुद्धा उघडला नाही, न जाणो तेवढ्यात बोलावतील. एकदा एक मोठे साहेब समोरून गेले. तिच्या छत्रीचं पाणी त्यांच्या दारापर्यंत वाहत गेलं होतं. ते थांबून म्हणाले, "बाई, छत्री तिकडे कोपऱ्यात ठेवा. कोणीतरी घसरून पडेल." तिने घाईघाईने छत्री उचलली. सकाळचं ‘बसा’ सोडलं तर दिवसभरात तिच्याशी बोललेला तो एकच माणूस. ऑफिस बंद झालं तशी ती उठून घरी आली.

नंतर अपिलाची सुनावणी लागली ती पाऊस सरल्यावर, धान लोंबीवर आल्यावर. निघताना आईने, गोदावरीबाईने, तिच्या हातावर दही ठेवलं.

"जास्त बोलू नोको, माय. पोट्ट्याले सोडा म्हणून हात जोड आन ये."

रीता खोलीत गेली तर टेबलामागे तेच छत्रीवाले साहेब. अपील ऐकणारे मोठे साहेब हेच, हे तिला तेव्हा कळलं. त्यांच्या डाव्या हाताला माहिती अधिकारी बसले होते. अर्जाला उत्तर देणारे ते हेच, हसऱ्या तोंडाचे इन्स्पेक्टर. कोपऱ्यात एक लिपिकबाई टायपिंग करत होती. रीताला खुर्ची दिली. प्रतिक्षा मॅडम कोर्टात अडकल्या होत्या. ती एकटी होती.

"काय म्हणणं आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

रीताने पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं. "माही माहिती नाई मिळाली," एवढंच ती बोलली.

माहिती अधिकारी पुढे सरकले. "सर, अशी यंत्रणाच आपण वापरत नाही, तर माहिती कुठून देणार? तरीसुद्धा आम्ही यांना रेकॉर्ड पाहायला बोलावलं. मंगळवारचा पूर्ण दिवस राखून ठेवला. बाई आल्याच नाहीत! सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या शेतात, तलावाखाली होत्या. यांना माहिती नकोच आहे, सर. ऑफिसला कामाला लावायचं, एवढाच उद्योग."

ते हे इतक्या सहज बोलले की रीताला आधी स्वतःचीच शंका आली. आपण मंगळवारी शेतात होतो? पण तो पाऊस, ते बाक, तो न उघडलेला डबा? मग त्या दिवशी शेतात, तलावाखाली, दिवसभर काय होतं ते तिला आठवलं. मोटरसायकलवाला, तो श्वास, सगळं खरं होतं तर! इतके दिवस ती मनाला समजावत होती की हे आपल्या मनाचे खेळ आहेत.

तिला उठून पळून जावंसं वाटलं. हात जोड म्हणून आईने सांगितलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ठाण्यात खरं सांगणारा अमर आला, आणि त्याला हसणारे सगळे आले.

"साहेब," ती मोठ्या साहेबांना म्हणाली. "मी मंगळवारी इथंच होती. बाहेरच्या बाकावर. तुमीच मले म्हनलं, बाई, छत्री कोपऱ्यात ठेवा, कोनी घसरून पडन."

मोठ्या साहेबांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टायपिंगचा आवाज थांबला.

"हो," ते सावकाश म्हणाले. "होत्या या." मग ते डावीकडे वळले. "तुम्हाला कोणी सांगितलं या शेतात होत्या म्हणून?"

"सर, ते... गावातून कळलं. आमचा माणूस आहे तिथे."

"मानसानं पाह्यलं असतं तं मी नसलेली दिसली असती," रीता म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. "बांधीत मी नव्हतीच, साहेब. बांधीत फक्त माहा फोन होता. माळ्यावर टांगला होता, डुकरायसाठी. माह्या भावाचा बी असाच टांगला होता."

माहिती अधिकाऱ्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं. लिपिकबाईने मोठ्या साहेबांकडे पाहिलं.

"हे लिहून घ्यायचं, सर?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "घ्या," ते म्हणाले. "दोघांचंही. जसं बोलले तसं."

रीताला तिथेच रडू फुटलं. तो कागद कोर्टात गेला की अमरचं घरी झोपल्याचं बोलणं खोटं न राहता खरं ठरेल, एवढं तिला कळत होतं. सही करून, तिची प्रत पदरात गुंडाळून ती दाराशी पोचली तेव्हा मोठे साहेब मागून, अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं बोलले.

"बाई, एकट्या आलात का? अंधाराच्या आत घरी पोचा. आणि ही प्रत आजच वकिलाकडे द्या. घरी ठेवू नका."

त्यांचा आवाजही थोडा कापला. रीताचं रडू जागच्या जागी थांबलं. एवढा मोठा साहेब, आणि त्यालाही भीती वाटते? मग आपलं काय?

साकोलीला उतरून तिने प्रत प्रतिक्षा मॅडमच्या हातात दिली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. गावची बस मिळाली ती शेवटची. पिंपळबोडीच्या फाट्यावर उतरली तर दिवस मावळतीला लागला होता. घराकडे जाण्याआधी ती फोन काढून घ्यायला बांधीकडे वळली. असला फोन तलावात फेकून द्यायचा, असं तिने रस्ताभर ठरवलं होतं.

धान वाऱ्यावर हलत होतं. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, माळ्याकडे जाताना तिला तलावाच्या पाळीवर पांढरं काहीतरी उभं असलेलं दिसलं. गाडी होती. दिवे बंद, आत कोणी दिसत नव्हतं. रीता होती तिथेच खाली बसली, धानाच्या आड, गुडघे पोटाशी घेऊन.

तेवढ्यात माळ्यावरून तिच्या भावाचा आवाज आला, ठणठणीत, झोपेची चैन करणाऱ्या त्या पोराचा. "हुर्र हो! कोन हाय रे तिकडं?"

आरोळी तलावावरून फिरून परत आली. पाळीवर गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. रीताने तोंडावर हात दाबून धरला. इतके दिवस हा प्रश्न डुकरांना होता. आज पहिल्यांदाच, त्याला उत्तर द्यायला कोणीतरी माळ्याकडे चालत येत होतं.