आत्याकडं राहिलेलं नाव

बोंबील सुकवायला गाठ लागत नाही. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. वजन दोन्हीकडे सारखं पडतं, म्हणून वाऱ्यातही ती सहसा घसरत नाही. सोनाबाई हे काम न बघता करत होती. तिच्या भावाच्या, हरेश्वरच्या, मुलाचं नाव शाळेत घालायचं म्हणून मी, शाळेतली बाई, रेवसजवळच्या त्यांच्या अंगणात आले होते. १९५८चा मे संपत आला होता.

“नाव काय रे तुझं?” मी मुलाला विचारलं.

“बारक्या. आत्या रागावली की टोणग्या.”

“आणि खरं?”

“ते आत्याकडं हाय.”

सहा वर्षांचा मुलगा बारशाविना राहिला होता. नाव ठेवायचा मान आत्याचा. विधवेच्या तोंडून नको, असं कोळीवाड्यातले म्हणाले, तेव्हा हरेश्वरने त्यांना सांगितलं होतं, “ठेवील तर माजीच बहीण.” त्याला नाव हवं होतं सिकंदर. मूल जन्मायच्या पाच महिने आधी होडी उलटली, तेव्हा सिकंदर नावाच्या खलाशाने त्याला वाचवलं होतं. त्याच होडीत सोनाबाईचा नवरा अंबाजी होता. तो परत आला नाही. सोनाबाईने ते नाव उच्चारलं नाही, आणि दुसरं सुचवलंही नाही.

“बाई, तुमी शिकलेल्या. त्या नावाचा अर्थ काय?” तिने विचारलं.

मी सांगितलं, की नाव फार लांबून आलं आहे. मूळ ग्रीक, अलेक्झांडर. इराण-अरबस्तान फिरता फिरता त्याचं सिकंदर झालं. अर्थ, माणसांचं रक्षण करणारा.

तिचे हात थांबले. “मग माज्या माणसाचं का न्हाय केलं?”

जाळं सांधत बसलेल्या हरेश्वरने सुई खाली ठेवली.

“गेलेला सिकंदर दाजींना शोधायला, अक्का. मला फळीवर टाकून दोनदा बुडी मारली त्यानं. तिसऱ्यांदा निघाला तवा नाकातनं रगत येत होतं. मीच त्याचा पाय धरला. सोडलाच न्हाय.”

“आनि सहा वर्सं बोलला न्हायस?”

“कोणत्या तोंडानं बोलू?”

तिने पदराला हात पुसले.

“धरलास ते बरं केलंस. त्याची पन बायको घरी वाट बघत असंल.”

तिने मुलाला ओढून मांडीवर घेतलं. तो आता तिथे मावत नव्हता. नाव कानात सांगायची रीत; पण ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लिवा, बाई. सिकंदर हरेश्वर कोळी.”