माझ्या जागेसाठी दुसरा उमेदवार

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, अर्ज करून करून मी मेटाकुटीला आले होते. कुठून "कळवतो" असं उत्तर यायचं, कुठून तेही नाही. पीएचडी झाल्यापासून सरांच्याच प्रयोगशाळेत फुकट राबत होते, बुरशी वाढवायच्या काचेच्या बशा धूत आणि नव्या पोरांचे शोधनिबंध तपासत. शेवटी सरांना दया आली म्हणा, लाज वाटली म्हणा, त्यांनी विद्यापीठाकडून एक जागा मंजूर करून आणली आणि जाहिरात अशी लिहिली की तिच्या अटींत माझ्याशिवाय कुणी बसूच नये.

कुणी बसलंही नाही. अर्ज एकच आला, माझा.

"एकाच उमेदवाराची मुलाखत घेता येत नाही," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "निदान दोन लागतात. आठवड्याभरात दुसरा अर्ज आला नाही, तर जागा रद्द."

"पण मी पात्र आहे ना?"

"आहात हो. पण निवडायचं कुणातून?"

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्याच नोकरीसाठी प्रतिस्पर्धी शोधत फिरणारी जगात मी पहिलीच असेन. मैत्रिणींना फोन केले. कुणी परदेशात, कुणी औषधाच्या कंपनीत. एकीला तर मी तिची टर उडवतेय असं वाटलं, तिने फोनच ठेवला. राहता राहिला नवरा. त्याचीही पीएचडी बुरशीवरच, म्हणजे अटींत तोही बसत होता. आमची ओळखच त्या बशांवर वाकून झालेली. पण तो या फंदातून कधीच बाहेर पडला होता आणि क्लासमध्ये पोरांकडून प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत होता.

"तू फक्त येऊन बस," मी बजावलं. "तिथे अक्कल पाजळू नकोस."

"मला आता आठवतंय कुठे काय!" तो हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

मुलाखतीत माझ्या तोंडाला कोरड पडली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "प्रयोग फसला तर काय कराल?" मी फसूच देणार नाही, असं काहीतरी बरळले. नवऱ्यालाही तोच प्रश्न आला. तो म्हणे आरामात टेकून बसला आणि स्वतःचे फसलेले प्रयोग रंगवून सांगत सुटला. त्याचं जाणार होतं काय? तज्ज्ञ पोट धरून हसले, त्याच्यासाठी चहा मागवला. मला कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

निवड त्याची झाली. मी प्रतीक्षा यादीत. दोघांत दुसरी!

सर ओशाळून म्हणाले, "अगं, समितीत मी एकटा पडलो. पण ही तर घरातलीच गोष्ट आहे. त्याने नकार कळवला की जागा तुझी."

सासूबाईंना त्यात वाईट काय तेच कळेना. "नोकरी घरातच आली ना? मग तोंड का पाडून बसलीस?" मला इतका संताप आला की हातातलं पातेलं मी ओट्यावर आदळलंच.

नवरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. समोर निवडीचा मेल होता.

"नकार कळवतोयस ना?"

"हो, हो. कळवायचाच आहे." त्याने दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती वर्षांनी कुणी मला विचारलं गं, की पुढे कशावर काम करायचंय म्हणून."

मी आदळलेलं पातेलं उचलून जागेवर ठेवलं.

"कळव ना," मी म्हटलं.

"उद्या कळवलं तर चालेल?"