दार नसलेली चौकट

मी शिंगणापुरातली एक चौकट बोलतेय. मला दार नाही. सुतारानं मला बाभळीतून घडवलं, पण बिजागरीसाठी खाच पाडली नाही. आमच्या गावाची रीतच तशी. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवायची. आपण कुणाला अडवत नाही, याचा मला भारी तोरा होता.

भागवतची नवरी ज्ञानेश्वरी माझ्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली आणि नीट नांदली. गेल्या साली भागवत अपघातात गेला आणि घराची बोलीच बदलली. दीर वाल्मिक उठता-बसता तिला माहेरी जायला सांगू लागला. ती बधेना. मग एकदा लेकीला, दिशाला घेऊन ती भावाकडे चार दिवस राहून आली, तर माझ्यात लोखंडी कॉट आडवी टाकलेली आणि तिच्यावर सासू कडूबाई बसलेली.

"घराला दार न्हाई, पन तुला आता वाट बी न्हाई," वाल्मिक म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्ञानेश्वरी रडत बसली नाही. लेकीचा हात धरून तडक नेवाशाच्या कोर्टात गेली. वकिलाला द्यायला गाठीला काही नव्हतं. बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, हे तिला तिथंच कळलं. वकील मनवाताईंनी तिच्या राहत्या घरासाठी अर्ज लावला आणि एके दिवशी ज्ञानेश्वरीला आणि छळ झालेल्या बायांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकारी बाईंना घेऊन पाहणीला आल्या.

त्या दिवशी कॉट गायब. वाल्मिक हात जोडून उभा.

"मॅडम, आमच्या घराला दारच न्हाई. हिला अडवनार कशानं?"

अधिकारी बाई विचारात पडल्या. गडी माझ्याच आड लपत होता आणि मला तोंड नव्हतं. नुसता संताप होत होता.

ज्ञानेश्वरीनं माझ्या अंगावर हात फिरवत खाली बोट दाखवलं. घरातले लोक रोज ये-जा करताना कॉट सरकवायचे, त्याचे गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन्हीकडे ताजे ओरखडे होते. मनवाताईंनी मागच्या पडवीतून कॉट आणवली आणि माझ्यात लावून दाखवली. ओरखडे बरोबर जुळले. कॉटचा हिरवा रंगही माझ्या लाकडात अडकला होता. बाईंनी फोटो काढले.

तिला घरात राहू द्यावं, असा कोर्टाचा आदेश झाला. ज्ञानेश्वरी आली, तर कडूबाई पुन्हा कॉटवर. सोबतचा हवालदार पुढे सरसावला, पण तिनं त्याला थांबवलं.

"आत्याबाई, उठा. मी कुनाचं घर हिसकवाया न्हाई आले. माझ्या घरात आले."

कडूबाई उठली. उठताना तिनं माझाच आधार घेतला.

दोघींत अजून गोडवा नाही, पण दोघी आत आहेत.

परवा रंगारी ते ओरखडे लांबीचा लगदा भरून बुजवायला निघाला. ज्ञानेश्वरी नको म्हणाली. माझंही तेच मागणं आहे. वाट अडवलेली एखादी बाई इथून जाईल, तर तिनं ते बघावेत आणि नेवाशाचा रस्ता विचारावा.