ठिपक्यांवरचे बाक

शाळेतल्या प्रत्येक बाकाच्या पायांखाली फरशीवर मी पांढऱ्या रंगाचे ठिपके काढून ठेवलेत. संध्याकाळी झाडलोट झाली की बाक आपापल्या ठिपक्यांवर. बोटभर इकडचं तिकडे झालेलं मला खपत नाही. मुली मला तोंडावर मावशी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

सातवीच्या वर्गात मात्र रोज एक बाक सरकलेला सापडायचा. खिडकीजवळचा, शेवटचा. आधी वीतभर, मग हातभर, मग थेट भिंतीला टेकवलेला. "कार्ट्यांनो, हातांना खाज सुटते का गं?" असं पुटपुटत मी तो ओढून जागेवर आणायचे.

त्या बाकावर एक मुलगी एकटी बसायची. मोठ्या आजारपणात तिचे केस गेले होते आणि परत आले ते ताठ उभे. वर्गाने तिचं नाव ठेवलं, खराटा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात खराटाच होता. खोटं कशाला बोलू, मी चांगली खदखदून हसले. तिने ते पाहिलं.

माझी लेक त्याच वर्गात. घरात तिला आम्ही बडबडी म्हणायचो, कारण शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. एक दिवस चालता चालता म्हणाली, "आई, मॉनिटर आणि तिच्या मैत्रिणी खराट्याशी कोणाला बोलूच देत नाहीत. मधल्या सुट्टीत तिचा बाक लांब ढकलतात. मी जाऊन बसू का गं तिच्याजवळ?"

मॉनिटरचे वडील शाळेच्या समितीवर. माझी नोकरी दरवर्षी त्यांच्या सहीने पुढे सरकते.

"नसत्या फंदात पडू नकोस," मी म्हटलं. "आपल्याला काय करायचंय?"

"पण आई..."

"पण नाही नि बिण नाही."

तिने मान डोलावली. पोरगी ऐकणारी आहे, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी त्या मुली आणखी पुढे गेल्या. खिडकीजवळची ती मुलगी पाणी पिऊन परत आली, खाली बसायला गेली आणि कोणीतरी मागून बाक ओढला. डोकं भिंतीवर आपटलं. तीन टाके पडले. पाय घसरून पडली, असं सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं. फरशीवरचं रक्त मी पुसलं आणि बाक ठिपक्यांवर ठेवला. सकाळी पहिल्या तासाला वर्गाच्या बाई आल्या तेव्हा ओळी सरळ होत्या. रोजच असायच्या. बाईंना कधी काही दिसलं नाही ते माझ्याच टापटिपीमुळे, हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्याने तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आले. ऑफिसबाहेर मी जिना पुसत होते.

"मावशी, वर्गात तिची एखादी मैत्रीण होती का हो?" त्यांनी विचारलं. "जाताना कोणाला निरोप द्यायचाय का म्हणून विचारलं, तर ती नावच सांगत नाही कोणाचं."

मी बादली उचलून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला बाईंनी पुस्तकं बंद करायला लावली. त्यांचे डोळे सुजलेले होते; त्या मुलीचे वडील जाताना त्यांना काही सांगून गेले असावेत. म्हणाल्या, "कोणी केलं ते मी आज विचारत नाही. कोणी पाहिलं तेवढंच सांगा. शिक्षा कोणाला नाही. पाहिलं त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. मी दारात फडकं घेऊन उभी होते. माझी लेक मान वळवून माझ्याकडे बघत होती. बाईंकडे नाही, मॉनिटरकडे नाही, माझ्याकडे. ती परवानगी मागत होती. बारा वर्षांच्या पोरीला खरं बोलायला माझी परवानगी लागावी, ही माझीच करणी होती.

मी हात वर केला, ओल्या फडक्यासकट. "बाई, मी पाहिलंय. बाक रोज सरकलेला असायचा. मी रोज सरळ करायचे. विचारलं कधीच नाही. आणि त्या नावाला हसलेही."

मग माझ्या लेकीचा हात वर गेला. मग तिच्या शेजारणीचा. बघता बघता निम्म्या वर्गाचे हात वर होते आणि बाई टेबलाला धरून रडत होत्या. मॉनिटर खाली मान घालून बसली होती. लेकीने दप्तर उचललं आणि खिडकीजवळच्या त्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.

घरी जाताना ती आजही काही बोलत नव्हती. माझ्या नोकरीचं काय होईल ते होवो, निदान आज तरी ती माझ्याशी बोलेल, असं मला वाटलं होतं. घराजवळ आल्यावर मीच म्हटलं, "चांगलं केलंस हो आज."

"तूही केलास की हात वर," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आई, ती नव्हती ना गं वर्गात."

मी तिचा हात धरायला गेले. तिने दप्तर त्या हातात घेतलं.