निघताना काय म्हणायचं

"अण्णा, तितं तू गप बस. बोलायचं ते मी बोलते," बाळीवेशीच्या कोपऱ्यावर महादेवीने थोरल्या भावाला पुन्हा बजावलं. "आन् निघताना 'येतो' म्हणू नकोस. दुखवट्याच्या घरातनं मुकाट उठायचं असतंय."

"तेवढं कळतंय की मला," गुरुलिंग म्हणाला.

कळत होतं, पण आपल्या जिभेचा भरवसा त्याला स्वतःलाच नव्हता. पंख्या-मिक्सरच्या मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. बिघडलेल्या यंत्राशी तासन्‌तास गप्पा मारील, पण माणसांत बसला की तोंडात मूग. तरुणपणी दाक्षायणीवर त्याचा जीव जडला होता. लग्नाचं विचारायला म्हणून तिच्या दारापर्यंत गेला आणि विचारलं काय, तर पंखा नीट फिरतो का! पुढे राजशेखर आला, रीतसर बोलला आणि तिला घेऊन गेला. तेही गुरुलिंगच्याच गल्लीत, हे आणखी वाईट. गुरुलिंगने मग लग्नच केलं नाही. दाक्षायणी घरी शेंगाचटणी करून विकायची, तिचा मिक्सर दुरुस्तीला त्याच्याकडेच यायचा. वाटेत भेटली की तो विचारायचा, "मिक्सर चालतोय का?" ती म्हणायची, "चालतोय की." एवढ्या वर्षांचं त्यांचं बोलणं ते इतकंच.

आता राजशेखर गेला होता. सकाळपासून गुरुलिंग एक वाक्य घोळवत होता, 'काही लागलं तर मी आहे.' त्यात वावगं काही नव्हतं, कुणीही म्हणतं. त्याच्यापुरतं मात्र त्यात सगळं आलं होतं.

घरात गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. महादेवीने रीतीप्रमाणे "कसं झालं हो?" म्हणून विचारलं. दाक्षायणीने आल्यागेल्याला सांगून पाठ झालेली हकिगत खाली मान घालून पुन्हा सांगितली. मग सगळ्याच गप्प झाल्या. आता आपणच बोलायला हवं, हे ओळखून गुरुलिंगने घसा खाकरला.

"मिक्सर चालतोय का?"

महादेवीने कपाळाला हात लावला. दाक्षायणीने मात्र पहिल्यांदाच मान वर केली.

"न्हाय," ती म्हणाली. "बंद पडलाय."

महादेवी घाईघाईने उठली. तिच्या मागोमाग निघताना, उंबऱ्यात, गुरुलिंगच्या तोंडून गेलंच, "येतो."

बायका चपापल्या. अशा घरी 'येतो' म्हणणं म्हणजे पुन्हा अशाच कारणाने येईन म्हणण्यासारखं. "भोळा हाय वो त्यो, मनाला लावून घेऊ नका," महादेवी कळवळून म्हणाली.

"या," आतून दाक्षायणी म्हणाली.

महिना उलटल्यावर तो पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घालून गेला. वाटभर तेच वाक्य घोळवलं. दाक्षायणीने मिक्सर आणून त्याच्यापुढे ठेवला. काय बिघडलंय ते बघावं म्हणून त्याने बटण दाबलं, तर मिक्सर घरघरत सुरू झाला. आवाज अगदी साफ होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

वाक्य अगदी ओठांवर आलं. इतकी वर्षं ज्याची आस धरली ते समोर होतं, आणि त्याला बोलायची भीती वाटली. त्याने बटण बंद केलं, मिक्सर उलटा केला आणि बुडाचे स्क्रू एकेक करून काढायला घेतले.

"वेळ लागंल," तो म्हणाला.

"लागू द्या की," दाक्षायणी म्हणाली आणि समोरच्या भिंतीला टेकून बसली.