पालथे कप

पेरानबाई संग्रहालयाच्या तळघरात शिरल्या तेव्हा त्यांच्या जुन्या चित्रकार मित्राचे, हिफ्झी तामायचे, चित्र टेबलावर आडवे पडले होते आणि गुलेर नावाची दुरुस्तीवाली मुलगी ओल्या कापसाने त्याचा वरचा कोपरा पुसत होती. चार वाजता मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होते. साडेतीन वाजायला आले होते. कापूस तपकिरी झाला होता.

"थांब! काय पुसतेस?"

"डाग, बाई. ओल लागलीय. दोन गेले, बाकीचेही जातील."

"जातील कसले! हात काढ आधी."

संचालक तांकुत साहेब हसत पुढे आले. "बाई, लंडनच्या तज्ज्ञांनी तपासलंय. साठवणुकीतला निष्काळजीपणा."

"ते कॉफीचे डाग आहेत, तांकुत. हिफ्झीनेच पाडलेले."

हिफ्झी ओला कॅनव्हास जमिनीवर पसरून बसे आणि आल्यागेल्याला कॉफी पाजे. गाळाच्या नक्षीत भविष्य पाहण्यासाठी सारे इस्तंबूल मनात इच्छा धरून रिकामा कप बशीवर पालथा घालते. हिफ्झी तो रंगावर घालायला लावी, सुकेपर्यंत उचलू देत नसे, आणि भविष्य तर कधीच सांगत नसे. पांढऱ्या-करड्या रंगातली ती वर्तुळे म्हणजे त्याच्या मित्रांच्या न वाचलेल्या इच्छा होत्या. या इमारतीत रोज दुपारी डझनांनी कप पालथे पडत. तरीही इथल्या एकाही विद्वानाला ते वर्तुळ ओळखता आले नव्हते. अमूर्त कला पॅरिसहून येते आणि पॅरिसहून आलेल्या वस्तूत आपल्या स्वयंपाकघरातले काही सापडणे शक्य नाही, यावर त्यांची नितांत श्रद्धा होती.

डाव्या खालच्या कोपऱ्यातले वर्तुळ पेरानबाईंचे होते. लष्कराने सत्ता घेतली त्या हिवाळ्यात त्यांनी तो कप पालथा घातला होता. भाऊ एर्दिन्च कोठडीतून घरी यावा म्हणून. तो आला नाही. त्याचे थडगेही कुठे नाही. पण हे आज इथे बोलण्याची सोय नव्हती; असला इतिहास चिकटलेले चित्र मंत्र्यांसमोर टांगण्यापेक्षा तांकुतने ते कोठारात टाकले असते. म्हणून त्या कोपऱ्याकडे न पाहण्याची पराकाष्ठा करीत त्या उभ्या होत्या.

तांकुत साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "अहो, मग ही तर आपल्या मातीतली आधुनिकता! मंत्री खूश होतील. दोनच गेलेत ना? परत घालू. गुलेर, कॉफी सांग, मध्यम गोड."

"परत घालू म्हणजे?"

"तुम्ही तेव्हा तिथे होतात. तुमच्या हातचा कप अस्सलच मानला जाईल."

"मी नाही घालणार."

"मग मी घालतो. त्यात काय एवढं?"

त्याचा जाडजूड हात कॅनव्हासवर फिरेल, खालच्या कोपऱ्यावर टेकेल. कॉफी आली. पेरानबाईंनीच कप उचलला आणि घोट घोट, गाळ लागेपर्यंत संपवला. मग त्यावर बशी झाकली आणि सवयीच्या हाताने कप बशीवर पालथा केला.

"बाई, बशीवर नव्हे! चित्रावर!"

"आधी गाळ बसू दे. गरम कप उचलू नये, एवढं आईनं शिकवलं नाही तुला?"

तांकुतचा पुढे आलेला हात जागच्या जागी थांबला. दोन परदेशी पदव्या त्या हाताच्या मदतीला आल्या नाहीत.

"माझी अंगठी ठेवा त्यावर, धातूनं लवकर निवेल," तो कासावीस होऊन म्हणाला.

"भविष्य माझं आणि अंगठी तुझी? या वयात साखरपुडा करतोस का माझ्याशी?"

गुलेर फिस्सकन हसली. पेरानबाई हसल्या नाहीत. कपाच्या बुडाची ऊब त्या बोटाने चाचपत होत्या. ती फार लवकर उतरत होती. त्यांनी हळूच तळवा कपावर ठेवला. वर दाराशी भोंगे वाजले.

"आले! आले वाटतं! उचला, लावा भिंतीवर, आहे तसं!" तांकुत ओरडत जिन्याकडे धावला. हमालांनी चित्र उचलले. वरच्या कोपऱ्यात दोन पांढरे चट्टे तसेच राहिले.

मागे उरलेल्या गुलेरने कप उचलून पाहिला. बशीही बरोबर उचलली गेली.

"चिकटला, बाई! असा कप वाचत नाहीत. इच्छा पुरी झालीच म्हणायची."

"त्या हिवाळ्यातही चिकटला होता," पेरानबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं होतं."

आणि हमालांचा अंगठा नेमक्या कोणत्या कोपऱ्यावर होता ते आठवत त्या भराभर जिना चढू लागल्या.