वारा पडलेला दिवस

सकाळचे नऊ वाजले तरी जासईच्या खाडीवर ऊन असं नव्हतंच. दोन दिवस आभाळ गच्च. आमच्या तलावाच्या बांधावर छोटी पवनचक्की आहे, तिचं पातं हलत नव्हतं. शेजारचे सोलरचे पॅनल नुसतेच आभाळाकडं तोंड करून पडलेले.

"अवो, जिताडे वर आले!" माझी बायको शांती गुडघाभर पाण्यातून ओरडली.

पाण्यावर माशांची तोंडंच तोंडं, आ वासून हवा गिळणारी. पाण्यात हवा घुसळणारा पंखा पहाटेच बंद पडला होता, बॅटरी रिकामी. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळही प्राणवायू सोडत नाही, वारा नसला की पाणी हलत नाही. म्हणजे पंखा सगळ्यात जास्त लागतो त्याच दिवशी त्याला वीज नाही. देवा, ही कसली परीक्षा!

"ऊन नसंल तवा वारा असतो, कोन बोललेला?" शांतीनं विचारलं.

मीच. त्याच भरवशावर डिझेलचा पंप चुलतभावाला देऊन टाकला होता. पंप आता पेणला.

दोन वर्षं तिनं लेकरांसारखे वाढवलेले मासे. गावात सप्ताह, म्हणून घरात मासा शिजत नव्हता, आणि इथं तलावभर मरायला टेकला होता.

मी देवळाकडं धावलो. काकड्याची मंडळी चहा घेत बसली होती. गोटीरामबुवांना सगळं सांगितलं. सत्तरीचे बुवा; काल कीर्तनात त्यांचा आवाज बसला, तेव्हा आम्ही टाळकऱ्यांनीच चाल उचलून धरली होती.

"काल माजा दम संपला तवा तुमी हुबे व्हते," बुवा उठत म्हणाले. "चला रे, बादल्या घ्या."

पंधरा जण पाण्यात उतरले. बादली डोक्यावर उचलून पाणी उंचावरून ओतायचं, वल्ह्यांनी झोडायचं. तोंडात नाम. एकाचे हात थकले की दुसरा पुढं.

"बुवा, धोतर चिखलात गेलं!"

"मंग? धुनार माजी बायको, टेन्शन तुला?"

सगळे हसले. शांती हसली नाही. सात-आठ जिताडे पांढरं पोट वर करून तरंगत होते.

अकराच्या सुमारास पातं हललं. अर्धा फेरा. मी बादली खाली ठेवली, हात जोडले. पातं थांबलं.

"ठेवू नका!" शांती कडाडली. "पात्याला फिरायचं तवा ते फिरंल. आपली चाल सोडायची नाय."

मी बादली उचलली. पाण्यावरची तोंडं विरळ झाली होती, मासे परत खाली जात होते. कोपऱ्यात अजून पाच-सहा होती. आभाळ तसंच गच्च.